परिचारिकेचे गोंदण आणि वॉर्डाचा शिरस्ता

नर्सिंगच्या शाळेत नव्याने दाखल होणाऱ्या मुलीच्या हाती प्रवेशाच्या कागदांबरोबर जी नियमावली पडते, तीत केस कसे बांधावेत, नखे किती राखावीत, कानांत काय घालावे आणि नाकात काय घालू नये, याचा तपशील मोठ्या बारकाईने दिलेला असतो. हे सारे कोणत्या कारणास्तव, याचा खुलासा मात्र क्वचितच आढळतो. बांगड्या उतरव, चमकी काढ, मनगटावरचे गोंदण झाक, असे तीन हुकूम एका दमात सुटतात आणि तिन्ही एकाच कुळातले आहेत अशी शिकणारीची व शिकवणारीचीही समजूत होऊन बसते. वस्तुतः त्यांपैकी बांगड्यांचा हुकूम रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे, चमकीचा काही अंशी आहे, आणि गोंदण जुने, पूर्ण भरून आलेले असेल, तर त्याचा रुग्णाच्या जिवाशी सुतराम संबंध नाही.

हा घोटाळा कसा झाला हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रशिक्षणशाळा सुरू झाली, तेव्हा जंतूंचा सिद्धान्त वैद्यकाने अद्याप पत्करलेला नव्हता. व्हिएन्नाच्या सूतिकागृहात शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर हात न धुता बाळंतिणींना तपासतात म्हणून त्या मरतात, हे झेमेलवाइसने 1847 मध्येच दाखवून दिले होते, पण त्याचे कोणी ऐकले नव्हते. आणि लिस्टरचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरील लेख प्रसिद्ध होण्यास 1867 साल उजाडावे लागले. अर्थात परिचारिकेच्या वेषाचे पहिले नियम जंतूंच्या भीतीने घडलेले नाहीत. डिकन्सने ‘मार्टिन चझलविट’मध्ये रंगवलेली दारुडी मिसेस गॅम्प हीच ज्या काळी इंग्रज समाजाच्या मनातली परिचारिका होती, त्या काळी या व्यवसायाला अब्रू मिळवून देणे हे पहिले काम होते, आणि साधा, झाकलेला, निरलंकार वेष हे त्या अब्रूचे साधन होते. आपल्याकडे तर ही अब्रू आणखी दुर्मिळ होती. 1909 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी आणि रात्रपाळीला घराबाहेर राहणारी स्त्री कुलीन असू शकते, हेच समाजाला पटवून द्यावयाचे होते. त्या काळच्या कडक शिस्तीला आज हसण्याचे कारण नाही. परंतु तिची गरज सरल्यावरही तीच शिस्त आरोग्याचे नाव धारण करून वावरू लागली, येथे आक्षेपाला जागा होते.

स्वतः नाइटिंगेलबाई या बाबतीत आपल्या अनेक अनुयायांहून अधिक नेमक्या होत्या. घेरदार झग्यांची सळसळ आणि रेशमाची खसखस रुग्णाला किती असह्य होते, हे त्यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात तावातावाने लिहिले आहे. वेषावरचा हा आक्षेप शालीनतेच्या नावाने घेतलेला नसून अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या त्रासाचा दाखला देऊन घेतलेला आहे, आणि हीच कसोटी आज आपण अंगावरच्या प्रत्येक वस्तूला लावली, तर निकाल पुष्कळसा स्पष्ट लागतो.

अंगठीखालच्या त्वचेवर जंतूंची वस्ती दाट असते, हात कितीही धुतले तरी ती पुरती हटत नाही, आणि खड्याच्या टोकाने हातमोजा फाटतो. काचेची बांगडी वाढवली तर तिचे तुकडे कोठे पडतील याचा नेम नाही. चमकीचा प्रश्न किंचित नाजूक आहे. साधारणपणे तीन माणसांपैकी एकाच्या नाकात जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे वास्तव्य असते, आणि चमकी सारखी चाचपण्याची सवय असलेले बोट तेथून थेट रुग्णाच्या पट्टीवर जाऊ शकते. नव्याने टोचलेले नाक किंवा कानाची कूर्चा ही तर कित्येक महिने न भरलेली जखमच असते. लोंबणारी कर्णभूषणे भ्रमिष्ट रुग्णाच्या किंवा तान्ह्या मुलाच्या मुठीत सापडतात. गोंदणाचे तसे नाही. ताजे गोंदण ही जखम आहे, अशुद्ध सुईने केलेले गोंदण कावीळ ब आणि क यांचे वाहन होऊ शकते, आणि म्हणूनच गोंदवून घेणाऱ्याचे रक्त ठरावीक मुदतीपर्यंत रक्तपेढ्या स्वीकारीत नाहीत. पण एकदा ते भरून आले, की शाई त्वचेच्या खालच्या थरात स्थिरावते, वरची त्वचा नित्य नवी होत राहते, आणि साबणपाण्याने ती इतर कोणाच्याही त्वचेइतकीच स्वच्छ होते.

इंग्लंडच्या आरोग्यखात्याने 2007 साली कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम घातला. लांब बाह्या, मनगटी घड्याळे, बांगड्या सर्व गेले. खडा नसलेली साधी विवाहमुद्रिका तेवढी राहिली. या नियमाचा एक परिणाम असा, की हातावरचे गोंदण झाकण्यासाठी लांब बाही घालावयास लावणे हाच आरोग्याचा भंग ठरतो. जी अधिसेविका विद्यार्थिनीला गोंदणावर मनगटपट्टा बांधण्यास किंवा चमकीवर चिकटपट्टी लावण्यास फर्मावते, ती निरुपद्रवी त्वचा झाकून तिच्यावर मळकी पट्टी आणून बसवते, आणि शोभेपायी स्वच्छतेचा बळी देते.

अलंकार श्रद्धेचा असेल तर काय करावयाचे, हा प्रश्न स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयापुढे आला होता. एक्झिटरच्या रुग्णालयातील शर्ली चॅप्लिन या परिचारिकेला गळ्यातील क्रूस काढण्यास सांगण्यात आले, आणि विमान कंपनीत काम करणाऱ्या नादिया एवेडा यांनाही तसेच सांगण्यात आले होते. 15 जानेवारी 2013 च्या निकालात न्यायालयाने एवेडांची बाजू मान्य केली, कारण कंपनीपाशी आपल्या प्रतिमेपलीकडे कारण नव्हते. चॅप्लिन यांची फेटाळली, कारण रुग्णाने साखळी ओढली तर उभयतांना इजा होईल ही रुग्णालयाची सबब खरी होती. एकाच श्रद्धेच्या एकाच चिन्हाबद्दल एकाच दिवशी दोन निरनिराळे निर्णय लागले, हे मला अत्यंत न्याय्य वाटते.

ही कसोटी आपल्याकडे लावावयाची, तर लोंबत्या मंगळसूत्राचा विषय टाळता येणार नाही. परंतु तो काढताना वॉर्डातील सर्वांचा हिशेब एकाच वेळी व्हावा. विद्यार्थिनीच्या नाकातली मोहरीएवढी चमकी ज्या नजरेला खुपते, तीच नजर शल्यविशारदाच्या बोटातील पुष्कराज आणि मनगटावर महिनोन्‌महिने भिजून काळवंडलेला गंडा यांच्यावरून निमूटपणे सरकते, कारण तेथे हुद्द्याचा मुलाहिजा आड येतो. जंतू मात्र हुद्दा ओळखीत नाहीत, आणि ज्या दोऱ्याला हात धुताना काढता येत नाही तो कोणत्याही गोंदणाहून अधिक घातक आहे.

गोंदणाबद्दलच्या तिटकाऱ्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. कपाळावरची तुळस, हनुवटीवरचा ठिपका, हातावरचे नाव हे ग्रामीण आणि आदिवासी स्त्रियांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे लेणे. मेल्यावर सारे येथेच राहते आणि गोंदण तेवढे बरोबर येते, अशी त्यांची श्रद्धा. अशा घरातील मुलगी सरकारी नर्सिंग शाळेत पोहोचते, तेव्हा बालपणी आजीने हौसेने जत्रेत गोंदवून आणलेला ठिपका तिच्या शिस्तीविरुद्धचा पुरावा ठरावा, हे लाजिरवाणे आहे. भारतीय सैन्यासारख्या शिस्तप्रिय संस्थेनेही भरतीच्या नियमांत आदिवासी उमेदवारांच्या परंपरागत गोंदणाला सवलत दिली आहे. रुग्णालयांनी त्याहून कठोर होण्याचे प्रयोजन मला दिसत नाही.

याचा अर्थ गोंदणातले काहीही चालावे असा नव्हे. रुग्ण हा आपल्या इच्छेने आलेला पाहुणा नसतो. कोणत्या परिचारिकेने आपल्याला सुई द्यावी हे त्याला निवडता येत नाही आणि अंथरुणावरून उठून जाताही येत नाही. ज्या आकृतीत वा घोषणेत त्याच्या जातीचा, धर्माचा वा स्त्रीत्वाचा उपमर्द आहे, ती त्याच्या डोळ्यांसमोर धरण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि तशी ती असेल तर त्या व्यक्तीस रुग्णाच्या सान्निध्यापासून दूरचे काम द्यावे. पण फूल, विंचू, आईचे नाव किंवा आजकालच्या तरुणींना आवडणारी पाखरांची रांग यांनी कोणाचा उपमर्द होतो? वृद्ध रुग्णाला ती रुचणार नाहीत, हे कबूल. पण रुचण्याचा हक्क मान्य केला, तर परिचारिकेची जात विचारणाऱ्या रुग्णालाही उत्तर देणे भाग पडेल.

तेव्हा राज्यातील परिचर्या महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि रुग्णालयांच्या अधिसेविकांना एवढीच विनंती आहे, की येत्या सत्रापूर्वी त्यांनी आपल्या दप्तरातील वेषाची नियमावली बाहेर काढावी, प्रत्येक कलमापुढे त्याने रुग्णाचा कोणता अपाय टळतो ते एका ओळीत लिहावे, जेथे ती ओळ लिहिता येत नाही ते कलम खोडावे, आणि उरलेली कलमे सफाई कामगारापासून अधिष्ठात्यांपर्यंत सर्वांना लागू करून प्रत्येक वॉर्डाच्या दारावर लावावीत.