सरवा

मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या दारात विचारले जाणारे प्रश्न प्रवचनातल्या प्रश्नांहून बहुधा अवघड असतात. ताथवड्यास राहणाऱ्या एका सद्गृहस्थांनी मध्यंतरी आम्हांला विचारले, "फादर, नदीकाठ साफ करून तिथे बाग केली, तर त्यात पाप ते कोणते?" आयुष्याची पुंजी घालून त्यांनी घर घेतले आणि गॅलरीतून दिसली ती जलपर्णीने भरलेली पवना. त्यांची तक्रार अवाजवी नव्हती. आम्ही त्या वेळी हसून उत्तर टाळले. पुढे विचार करता जाणवले, की बागेच्या आधी सोडवायचा प्रश्न निराळा आहे : काठ कोणाचा?

उत्तरेस पवना आणि दक्षिणेस मुळा, यांच्या दरम्यान वसलेले ताथवडे कालपरवापर्यंत शेतीचे गाव होते. शासनाचे वळू माता प्रक्षेत्र याच गावचे. २००९ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि रानांतून इमारती उभ्या राहिल्या. जुन्या शेतकऱ्याला नदीचा काठ रिकामी जागा वाटत नसे. पूर ओसरला की मळईत गाळपेर होई, गुरे पाण्यावर येत. वाळुंजाची मुळे माती धरून ठेवीत. पाणकणसाच्या बेटांत पाणी मंदावे, गाळ खाली बसे, आणि जमिनीत मुरलेले पाणी उन्हाळ्यात विहिरींना मिळे.

पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान, हलकी शेती चालते. बांधकाम चालत नाही. तरीही इंद्रायणीकाठी चिखलीत त्या रेषेच्या आत बंगले झाले, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून मे २०२५ मध्ये त्यांतले ३६ पाडावे लागले. केंद्राच्या २०१७ च्या नियमांनी तर पाणथळ जागेच्या व्याख्येतून नदीचे पात्रच वगळले आहे. कायदा रेषा आखू शकतो. रेषेपलीकडची जागा 'वाया गेली' म्हणून हळहळणारे मन त्याच्या हाती नाही.

त्या मनासाठी लेवीयच्या ग्रंथात एक आज्ञा आहे. पीक कापताना शेताच्या कडा कापू नयेत, खाली पडलेला सरवा वेचू नये; गरिबासाठी आणि परक्यासाठी तो राहू द्यावा. परदेशी विधवा रूथ बवाजाच्या शेतात असा सरवा वेचूनच जगली. मालकाने कडेचे पीक घरी न्यावे आणि मग त्यातून दान करावे, असे ही आज्ञा म्हणत नाही. कडेवर त्याने विळाच चालवायचा नाही. तिथे दात्याचा मोठेपणा संपतो आणि घेणाऱ्याचा हक्क सुरू होतो.

मग काठ डासांच्या आणि राडारोड्याच्या स्वाधीन करावा काय? मुळीच नाही. कोलकात्याच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेश आहे. शहराचे सांडपाणी तिथल्या उथळ तळ्यांत ऊन आणि शेवाळ यांच्या योगे निवळते, त्यावर मासे पोसतात, भाजी पिकते, हजारो कुटुंबे जगतात. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने ही व्यवस्था जगाला समजावून दिली आणि २००२ साली रामसर यादीत तिची नोंद झाली. मात्र तिची आंधळी नक्कल आपल्याकडे चालणार नाही. इथल्या नद्यांत घरांच्या सांडपाण्याबरोबर कारखान्यांचेही पाणी मिसळते. माती न तपासता काठावर पालक-मेथी लावली, तर गरिबाच्या ताटात आपण विषच वाढू.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी सांडपाणी शुद्धीकरणाकडे वळवावे. नदीलगतचा सखल पट्टा लव्हाळ्यांना, उंबर-करंजांना, टिबुकलीला आणि वंचकाला सोडून द्यावा. त्याच्या वरच्या अंगाला, तपासलेल्या मातीत, वाफे करावेत. आणि ते वाटताना पहिला मान सदनिकाधारकांना न देता त्यांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्यांना व त्यांच्या इमारती बांधणाऱ्यांना द्यावा. कुंपण आणि तिकीट असलेली हिरवळ डोळ्यांना सुखावते खरी, पण तिच्यात सरवा उरत नाही.

हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी चर्चचे सारे आवार आम्हीच सिमेंटच्या ठोकळ्यांनी मढवून घेतले. चिखल गेला, मोटारी नीट लागू लागल्या, लोकांनी कौतुकही केले. आवारातली विहीर मात्र आता मार्चमध्येच तळ दाखवते. कडेला एक हात माती मोकळी ठेवावी, एवढेही आम्हांला सुचले नव्हते.

त्या सद्गृहस्थांना आम्ही आता उत्तर दिले आहे : बाग करण्यात पाप नाही, शेवटच्या बोटभर जागेपर्यंत विळा नेण्यात आहे. यंदा पावसाळ्यापूर्वी भिंतीलगतचे ठोकळे आम्ही उखडून घेतले. त्या ओल्या पट्ट्यात कोणीतरी अळू लावले आहे. कोणी लावले, हे आम्ही विचारलेले नाही.