नाव नसलेली गाठ

शास्त्रपाठ : स्तोत्रसंहिता १३९:१३-१६, मार्क ५:२५-३४



सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक लावलेला असतो. १९९४ सालचा कायदा तुम्हांस ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात पूर्व दिल्लीतील अशाच एका फलकाखाली, तरुण गर्भवतींच्या रांगेत, पंचावन्न वर्षांची मी तांब्याभर पाणी पिऊन बसले होते. शेजारच्या मुलीने आपुलकीने विचारले, “आंटीजी, बहू को दिखाने लाई हो?” मी हसून मान डोलावली. ते असत्य होते, आणि पुढील अकरा दिवस मी असत्यातच काढले.

अहवालातील मजकूर थोडका होता : डाव्या अंडाशयाजवळ आठ सेंटिमीटरची गाठ, स्वरूप अनिश्चित, पुढील तपासण्या कराव्यात. शब्दाला नेमका प्रतिशब्द शोधणे हे माझे आयुष्यभराचे काम. पण ‘अनिश्चित’ हा एक शब्द मला स्वतःच्या घरातही उच्चारता येईना. तो कागद मी इब्री शब्दकोशात घालून ठेवला. पतीलाही सांगितले नाही.

म्हणून मार्काच्या पाचव्या अध्यायातील ती स्त्री मला या दिवसांत अगदी निराळी भेटली. बारा वर्षे रक्तस्राव, वैद्यांपायी सारी मिळकत संपलेली, आणि तरी अवस्था अधिकच बिघडलेली, असे मार्क लिहितो. (लूक हे अखेरचे वाक्य गाळतो. कलस्सैकरांस पत्रात त्याला वैद्य म्हटले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे किंचित हसू येते.) लेवीयच्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे तिचा स्पर्शही विटाळाचा. म्हणून ती मागून येते. तिला आरोग्य हवे आहे, पण कोणाच्या नकळत. ते तिला मिळतेही. मग प्रभू का थांबतो? याईराची बारा वर्षांची लेक मरणाच्या दारी आहे, बाप शेजारी तळमळत उभा आहे, आणि प्रभू गर्दीत विचारतो की मला कोण शिवले. शिष्यांना हा प्रश्न वेडेपणाचा वाटतो. पण तो तेथून हलत नाही. अखेर ती थरथरत पुढे येते आणि सर्व खरे सांगते. ‘सर्व’ हा शब्द मार्काचा आहे. जे बाईने बाईलाही सांगू नये असा संकेत होता, ते ती भर रस्त्यात पुरुषांसमोर बोलते. प्रभू तिच्या पापाची चौकशी करीत नाही. तो तिला मुलगी म्हणतो. व्याधी शरीरातून गेली होती. लाज मात्र बोलल्यावरच गेली.

बाराव्या दिवशी रात्री मी तो कागद पतीपुढे ठेवला.

आता थोडे वैद्यकाविषयी, कारण अज्ञानामुळे भय वाढते. ओटीपोटातील गाठ म्हणजे कर्करोगच असे नव्हे. गर्भाशयातील फायब्रॉइड असेल, अंडाशयातील पाण्याची साधी गाठ असेल, एंडोमेट्रिओसिसमुळे साकळलेले रक्त असेल. आपल्या देशात ओटीपोटाचा क्षयरोगही हुबेहूब अंडाशयाच्या कर्करोगाचे सोंग घेतो. सीए-१२५ ही रक्ततपासणी या दोन्हींत वाढलेली दिसू शकते, म्हणून तेवढ्यावरून निवाडा होत नाही. आणि संशयित गाठीत सुई घालून तुकडा काढण्याचेही डॉक्टर सहसा टाळतात. कर्करोग असलाच तर पेशी पोटात सांडण्याची भीती असते. म्हणजे अनेकदा गाठ काढल्याखेरीज तिचे नाव कळत नाही. डॉक्टर ‘ठाऊक नाही’ म्हणतात तेव्हा ते काही लपवीत नसतात. मात्र पाळी गेल्यानंतर अशी गाठ आढळली, किंवा पोट सतत फुगू लागले, दोन घासांत भरू लागले, वारंवार लघवीला जावे लागले, तर थांबू नये.

मंडळीत कोणी आसा राजाचे उदाहरण देईल : तो परमेश्वराऐवजी वैद्यांना शरण गेला आणि मेला. मलाही एका बंधूने दिले. त्यांचा हेतू चांगला होता, पण उपदेश धोक्याचा आहे. दोष वैद्यांकडे जाण्यात नव्हता, देवाला सोडण्यात होता. हिज्कीयाला आयुष्य वाढवून दिल्यावर यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधायला सांगितली. आणि याच दिल्लीत पडद्यातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे येईनात, आपली दुखणी घेऊनच मरत, म्हणून मिशनच्या भगिनींनी औषधोपचार सुरू केले. त्यातून १८८५ साली सेंट स्टीफन्स हॉस्पिटल उभे राहिले. १९५६ साली ‘एम्स’चे विधेयक मांडणाऱ्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर याही ख्रिस्तीच होत्या. ती दारे आपल्याच लोकांनी उघडली, आणि आपणच बहिणींना उंबऱ्यावर अडवावे?

१८०९ च्या डिसेंबरात अमेरिकेतील केंटकी प्रांतात जेन क्रॉफर्ड नावाची स्त्री सुमारे शंभर किलोमीटर घोड्यावरून डॉ. मॅकडोवेल यांच्याकडे गेली. पोट वाढले म्हणून ती गरोदर असल्याचे समजले गेले होते. भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. पंचवीस मिनिटांत दहा किलोंची अंडाशयाची गाठ निघाली. त्या वेळी ती स्तोत्रे म्हणत होती असे सांगतात. पुढे ती बत्तीस वर्षे जगली. ही कथा मला धीर देते, पण तिचे वचनात रूपांतर करण्याचा मला अधिकार नाही. सगळ्याच जणी बत्तीस वर्षे जगत नाहीत.

मला खरा आधार मिळाला तो एका इब्री शब्दाने. स्तोत्र १३९ च्या सोळाव्या ओवीत ‘गोलेम’ असा शब्द येतो. साऱ्या जुन्या करारात तो एकदाच आला आहे. अर्थ : घडण न झालेला, आकार व नाव नसलेला गोळा. आपण तेथे ‘पिंड’ म्हणतो. स्तोत्रकर्ता गर्भाविषयी बोलतो, गाठीविषयी नव्हे, हे मी जाणते. शब्द ताणण्याचे पाप माझ्या व्यवसायात फार मोठे. तरी एवढे खरे की मनुष्याला ज्याचे नाव सांगता येत नव्हते, ते देवाच्या डोळ्यांसमोर होते. सोनोग्राफीच्या पडद्यावरील ती करडी सावली तंत्रज्ञाने पाहिली त्याआधी त्याने पाहिली होती. तिचे नाव तो मला सांगत नाही. मी पुष्कळ विचारले.

भगिनींनो, तुमच्यापैकी कोणी असा कागद कपाटात साडीखाली ठेवला असेल, तर आज रात्रीच तो कोणासमोर तरी उघडा. आणि बंधूंनो, पत्नी उगाच गप्प आहे असे वाटले, तर दोनदा विचारा.

माझी शस्त्रक्रिया येत्या बुधवारी आहे. गाठ काढून लगेच तपासायला पाठवतील, आणि मी भुलेत असतानाच पुढे किती कापायचे ते ठरेल. दोन्हींसाठी संमतीची सही मी करून आले. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मला उत्तर कळलेले असेल. सकाळी सातला उपाशीपोटी बोलावले आहे. अहवालांची फाइल आता पतीच्या पिशवीत असते.