शोकसभेत राहून गेलेले काका

काकांच्या शोकसभेत मी त्यांना 'निधड्या छातीचा माणूस' म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं. मुंबई अग्निशमन दलात फायरमन म्हणून ते लागले आणि लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. धुरात शिरले, पडलेल्या इमारतींच्या ढिगाऱ्यातून माणसं काढली, संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात अडकलेल्या घारीही सोडवल्या. तरी बोलून खाली बसल्यापासून मन विचारतंय, नेमकं हेच का निवडलंस?

शौर्याची स्तुती फुकट असते, म्हणून. ती करून घरी गेलं की झालं.

खरे काका गप्पिष्ट होते. त्यांची उमेदीची वर्षं बंबखान्याच्या आवारातल्या क्वार्टर्समध्ये गेली. रात्री घंटा झाली की घराघरांत दिवे लागत आणि गाडी परतेपर्यंत बायका जाग्या राहत. अशा ठिकाणी राहिलेल्या माणसाला दार लावून बसणं जमणार कसं? निवृत्तीनंतर ते आमच्या सोसायटीत आले आणि वर्षभरात प्रत्येक घरच्या चहाची चव त्यांना ठाऊक झाली. गप्पा चालू असत, पण डोळे फिरत. सिलिंडर कुठे ठेवलाय, खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारी झडप आहे का, जिन्यात काय काय रचलंय. निघताना हसत सांगत, "वहिनी, हे चपलांचं कपाट आत घ्या. धुरात स्वतःचा हात दिसत नाही, कपाट कुठलं दिसायला?" आगीत माणूस जळण्याआधी धुराने गुदमरतो आणि जिना म्हणजे उभं धुराडंच, हे त्यांनी पोरांनासुद्धा समजावून ठेवलं होतं. त्यांचा लोकसंग्रह आणि त्यांची नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. आम्ही मात्र त्याला भोचकपणा म्हणायचो. मीही म्हणायचो. माझं कपाट आजही दाराबाहेरच आहे.

१४ एप्रिलला सकाळी ते भायखळ्याच्या मुख्यालयात अभिवादनाला जात आणि संध्याकाळी गल्लीतल्या बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत चालत. १९४४ साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाचा स्फोट झाला. आगीवर पाणी मारत उभे असलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. ही हकीकत सांगताना काका स्फोटाचं वर्णन दोन वाक्यांत उरकत आणि एकाच प्रश्नाशी अडून बसत: एकाच जहाजात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि वर कापसाच्या गाठी, याला 'हो' कोणी म्हटलं? मे २०१५मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग विझवताना दलाचे चार अधिकारी प्राणाला मुकले, त्यांत प्रमुख सुनील नेसरीकरही होते. तेव्हा काका निवृत्त होते. लोक हळहळत होते आणि काका चिडले होते. "शहीद म्हणता ना? मग जिने मोकळे करा," एवढंच ते भेटेल त्याला सुनावत होते.

भाषणातून मी काकूलाही वगळलं. काका कुटुंबवत्सल होते, नातवंडांसाठी जीव टाकायचे, हे सांगितलं. मुलांचे अभ्यास, दुखणी, सासूचं म्हातारपण हे सगळं काकूने एकटीने ओढलं आणि "हा माणूस घरापेक्षा गावाचा जास्त," असं ती तोंडावर म्हणायची, ते गाळलं. काकांचा मान राखायला गाळलं, असं मी स्वतःला बजावतो. पटत नाही. काकू समोरच बसली होती. मान राखायचाच असता, तर तिचा राखायला हवा होता.

महाराष्ट्रात २००६च्या कायद्याप्रमाणे इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. आमच्या सोसायटीत ते वेळेवर फाइलीत लागतं. त्याच फाइलीजवळून वर जाणाऱ्या जिन्यात सायकली, कुंड्या आणि जुने पंखे आहेत.

येत्या सभेसाठी हा विषय मी सेक्रेटरींकडे लेखी दिला आहे. वाद होणार, कारण कपाटं सगळ्यांचीच आहेत. तुम्हीही आज खाली उतरताना लिफ्ट सोडा आणि आपला जिना एकदा बघून घ्या.