पाणी सर्वांचे, लाट कोणाची?

सार्वजनिक वस्तूवर सर्वांचा सारखा हक्क असतो, हे वाक्य आपण सर्वजण मान्य करतो. रस्ता सर्वांचा, मैदान सर्वांचे, तळे सर्वांचे. अडचण पुढे येते. दोन माणसांना एकच वस्तू दोन वेगळ्या कामांसाठी हवी असते आणि एकाचे काम सुरू झाले की दुसऱ्याचे आपोआप बंद पडते. अशा वेळी ‘सारखा हक्क’ म्हणजे नेमके काय? हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर एखादे लहानसे तळे डोळ्यांसमोर आणावे, असे आम्हांला वाटते. तळे लहान असले की कोणाचे काय कोणापर्यंत पोहोचते, हे लपून राहत नाही.

अमेरिकेच्या उत्तर भागात विस्कॉन्सिन नावाचे राज्य आहे. तेथे लहानमोठी मिळून १५,००० हून अधिक तळी आहेत. हिवाळ्यात ती गोठतात. उन्हाळा थोडे महिनेच टिकतो आणि त्या थोड्या महिन्यांतल्या शनिवार-रविवारी सगळे पाण्यावर धावतात. कोणी गळ टाकून बसतो, कोणी पोहतो, कोणी वल्ही मारीत फिरतो, तर कोणी मोटारबोटीच्या मागे दोरीला धरून पाण्यावर घसरत जातो. हे पाणी कोणा एकाचे नाही. नौकानयनायोग्य पाणी सर्वांना कायम मोकळे राहील, हे तत्त्व १७८७ च्या वटहुकमात घातले गेले आणि १८४८ साली राज्य झाले तेव्हा राज्यघटनेत आले. पुढे न्यायालयांनी त्याचा अर्थ असा लावला की, राज्य हे या पाण्याचे मालक नसून जनतेच्या वतीने सांभाळणारे विश्वस्त आहे. १९५२ च्या एका निकालात तर निसर्गसौंदर्याचा आनंद घेणे हाही जनतेचा हक्कच आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. म्हणजे गळवाल्याचा हक्क आहे, मोटारवाल्याचा आहे आणि काठावर नुसत्या बसलेल्या माणसाचाही आहे.

आता दोघांना एकाच तळ्यावर आणू या. एकजण लहान होडीत गळ टाकून बसला आहे. दुसरा शंभर अश्वशक्तीच्या मोटारीने फेऱ्या मारतो आहे. कागदावर दोघे समान आहेत. पण पाण्यावर तसे नाही. गळवाला दिवसभर बसून राहिला तरी मोटारवाल्याची मजा फारशी कमी होत नाही. त्याला फार तर एक वळसा घालावा लागतो. मोटारवाल्याच्या एका फेरीने मात्र गळवाल्याची होडी डोलते, मासे पांगतात, लहान मूल सोबत असेल तर ते घाबरते. त्याची सकाळ संपलेली असते. म्हणून ‘दोघांनीही मोकळेपणाने हवे ते करावे’ असे आपण म्हणतो तेव्हा आपण निःपक्षपाती राहत नाही. आपण न बोलता मोटारवाल्याच्या बाजूने निकाल दिलेला असतो. नियमच नसलेल्या जागी शेवटी बळी तो कान पिळी, हेच चालते.

मोटारीची झळ केवळ माणसाला लागत नाही. उथळ पाण्यात मोटारीचा पंखा तळाचा गाळ ढवळतो. त्या गाळात फॉस्फरस असतो. तो पाण्यात मिसळला की शेवाळाला खत मिळते आणि पाणी हिरवट, गढूळ होते. पंखा पाणवनस्पतीही कापतो. माशांची पिल्ले लपतात ती नेमकी याच झुडपांत. ब्लूगिल नावाच्या माशाचा नर तर काठाजवळच्या उथळ पाण्यात शेपटीने वाटीसारखा खड्डा करतो आणि त्यात घातलेली अंडी राखत बसतो. काठावर आदळणाऱ्या लाटेचा जोरही आपल्या अंदाजापेक्षा जास्त असतो. लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातली शक्ती चौपट होते. मोठ्या सरोवरात लाट वाटेत विरून जायला जागा असते. लहान तळ्यात काठ नेहमी जवळच असतो.

विस्कॉन्सिनच्या कायद्याने यावर जो उपाय काढला, तो आम्हांला विचार करण्यासारखा वाटतो. लोकांना जाण्यायेण्याची वाट असलेल्या ५० एकर किंवा त्याहून लहान तळ्यावर मोटारबोट अगदी संथच चालवावी लागते. (नौकानयनायोग्य तळ्यांना जोडणाऱ्या तळ्यांना सूट आहे.) मोठ्या तळ्यांवरही काठापासून १०० फुटांच्या आत मोटारबोटीला तोच नियम लागू होतो. संथ म्हणजे किती? कायद्याने ताशी मैलांचा आकडा दिलेला नाही. सुकाणू हाती राहील, बोट भरकटणार नाही, इतपतच पण त्याहून अधिक नाही, असा वेग. नियमाच्या नावातच ‘लाट नको’ असे म्हटले आहे. म्हणजे तुझ्या काट्यावर किती वेग दिसतो, हे तो विचारीत नाही. तुझ्या मागे काय उठते आहे, ते पाहा, असे सांगतो.

यात एक शहाणपण दडलेले आहे. वाचकांना वाटेल की, बोट जितकी वेगात तितकी लाट मोठी. पण तसे नाही. बोट अगदी हळू असते तेव्हा ती पाण्यात सपाट बसते आणि लाट जवळजवळ उठत नाही. फार वेगात असते तेव्हा ती पाण्याच्या वर येऊन घसरत जाते आणि लाट तुलनेने लहान होते. सर्वांत मोठी लाट उठते ती मधल्या वेगात. तेव्हा पुढचे टोक वर उचललेले असते आणि मागची बाजू पाण्यात रुतलेली असते. वेगाने येणारा एखादा भला माणूस गळवाल्याला पाहून सौजन्याने वेग ‘थोडासा’ कमी करतो आणि त्याच क्षणी त्या होडीवर सर्वांत मोठी लाट पाठवतो! त्याचा हेतू चांगला असतो, पण तो अर्ध्यावर थांबलेला असतो. अलीकडे तर मुद्दाम मोठी लाट काढण्यासाठीच बांधलेल्या बोटी आल्या आहेत. त्या आपल्या टाक्यांत पाणी भरून जड होतात आणि ताशी सोळा ते एकोणीस किलोमीटर इतक्या साध्या वेगाने जातात. त्यांना केवळ वेगमर्यादेचा आकडा लावून काही उपयोग नाही. आकडा पाळूनही माणूस शेजाऱ्याला बुडवू शकतो.

तरीही दुसरी बाजू ऐकून घेतली पाहिजे. आठवडाभर कारखान्यात राबणाऱ्या माणसाला मुलांना घेऊन पाण्यावर हुंदडायला एकच दिवस मिळतो. त्याची मजा हलकी आणि गळवाल्याची शांतता उच्च, असे ठरवणारे आपण कोण? एखाद्या वृद्धाला किंवा अपंग माणसाला वल्ही मारता येत नाहीत. मोटार काढून घेतली तर त्याचे तळेच काढून घेतल्यासारखे होते. आणि काठावर बंगला बांधून राहणारे लोक शांततेच्या नावाखाली बाहेरच्या माणसाला पाण्यावर येऊच देत नसतील तर? या शंका खोट्या नाहीत. शेजारच्या मिनेसोटा राज्यातला सीमेलगतचा तळ्यांचा अरण्यप्रदेश हे त्याचे मोठे उदाहरण आहे. तेथे मोटारींवर बंधन घालावे की नाही यावरून १९७७ साली ईली गावात सुनावणी झाली. अरण्याची बाजू घेणारे लेखक सिगर्ड ओल्सन याच गावात राहत. त्यांच्या नावाची प्रतिमा लोकांनी फासावर लटकवली. १९७८ साली कायदा झाला. बहुतेक तळ्यांवर मोटार बंद झाली. काही मोजक्या तळ्यांवर १० किंवा २५ अश्वशक्तीपर्यंतची ठेवली गेली. गावातल्या अनेकांची रोजीरोटी त्या मोटारींवर चालत होती. त्यांचा राग केवळ हट्टाचा होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

म्हणूनच ‘मोटार नको’ आणि ‘लाट नको’ यांत आम्ही फरक करतो. एवढ्या विस्तीर्ण अरण्यासाठी पहिला नियम लागू शकेल. पण गावाजवळच्या लहान तळ्यावर दुसराच अधिक न्याय्य वाटतो. तो वृद्धाची मोटार काढून घेत नाही, तिला संथ चालवायला सांगतो. बॅटरीवरच्या छोट्या मोटारीने तर त्याचे काम आणखी सोपे होते. कारखान्यातल्या माणसालाही तो घरी बसवीत नाही; हुंदडायला मोठे तळे, काठापासून दूरचे पाणी त्याला मोकळेच आहे. काही ठिकाणी तळे वेळेप्रमाणे वाटून घेतात: सकाळ-संध्याकाळ संथ, दुपारी मोकळे. यात प्रत्येकजण काहीतरी सोडतो. आणि बंगल्यांच्या मालकांनाही तोच नियम लागू असला पाहिजे, नाहीतर त्या शांततेला केवळ कुंपण म्हणावे लागेल.

आपल्या किनाऱ्यालाही हा विचार परका नाही. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याने काठाजवळच्या उथळ पाण्यात ट्रॉलरना मज्जाव केला, तो लहान होड्यांवर जगणाऱ्यांसाठी. तेथे प्रश्न करमणुकीचा नाही, पोटाचा आहे, म्हणून तो कितीतरी अधिक गंभीर आहे. पण तत्त्व तेच: ज्याच्याजवळ मोठे यंत्र आहे त्याने अगोदर थांबायचे.

कायदा सर्वत्र पोहोचत नाही. हजारो तळ्यांवर हजारो शिपाई कोण उभे करणार? शेवटी सुकाणू ज्याच्या हाती आहे त्याच्या विवेकावरच सारे येऊन ठेपते. त्यातही अडचण अशी की, बोट चालवणाऱ्याचे तोंड पुढे असते आणि लाट मागे उठते. ती त्याला कधीच लागत नाही. ज्याला लागते तो बराच मागे राहिलेला असतो. म्हणून मधूनमधून मान वळवून पाहण्याची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते. अरुंद गल्लीतून मोटारसायकल नेणाऱ्याला आणि रात्री उशिरापर्यंत मंडपात मोठ्याने गाणी लावणाऱ्यालाही ही सवय हवी. ‘मी नियमात आहे ना?’ हा प्रश्न योग्यच आहे. पण तेवढ्यावर न थांबता ‘माझ्या मागे कोण डोलते आहे?’ असेही आपण स्वतःला विचारतो का?