व्रताची स्प्रिंग
पावसाळ्यात पनवेलमध्ये हँडब्रेक ओढून दोन-तीन आठवडे उभी ठेवलेली गाडी कधीकधी जागची हलत नाही. दांडा खाली येतो, पण मागची चाके सुटत नाहीत. केबलच्या नळीत पाणी शिरून गंज चढलेला असतो, किंवा ब्रेकशूचे लायनर ओल्या ड्रमला चिकटलेले असते. गॅरेजवाला पुढच्या चाकांना दगड लावतो, ड्रमवर हातोडीने हलके ठोकतो. तेवढ्याने भागले नाही तर ड्रम उतरवून गंज घासतो. याच पावसाळ्यात इथल्या अनेक घरांत चातुर्मास सुरू होतो. आषाढी एकादशीला कुणी कांदा-लसूण सोडतो, कुणी एकभुक्त राहतो आणि कार्तिकीनंतर नेम सुटतो. व्रत घेतानाच त्याचे उद्यापन ठरलेले असते. शू ड्रमवर दाबणाऱ्या केबलइतकीच त्यांना मागे खेचणारी स्प्रिंगही ब्रेकचाच भाग असते, तसे उद्यापन व्रताच्या आतच बसवलेले आहे, असे मला ठामपणे वाटते. ज्यातून सुटता येत नाही, त्या बंधनाला संयम कसे म्हणावे?

यावर कुणी विचारेल, मग आजन्म व्रतांचे काय? पनवेलपासून फार लांब नसलेल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी ब्रह्मचर्य जन्मभर पाळले. त्याला उद्यापन नव्हते. आक्षेप वजनदार आहे. पण त्या व्रताने विनोबांना जखडले नाही. १९५१ मध्ये भूदानासाठी निघालेला हा माणूस तेरा वर्षे पायी हिंडला. शिवाय दांडा त्यांच्याच हातात होता. रोज सोडता आला असता आणि रोज त्यांनी तो धरला. याउलट केशवपन आणि आयुष्यभराचा एकांत लादलेल्या विधवांच्या हातात दांडा कधी दिलाच नव्हता. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवाविवाह केला, तेव्हा त्यांच्यावर बहिष्कार आला. विधवांवर लादलेला हा नेम मला धर्मावरचा गंज वाटतो, आणि त्याला व्रताचे नाव देणे हा व्रताचाच अपमान आहे.

यंत्राला मन नसते, तेव्हा उपमेने काही सिद्ध होत नाही, हे मान्य. गीतेचा तिसरा अध्याय तर मनाचेच बोलतो: इंद्रिये दाबून मनात विषय घोळवणाऱ्याला तो मिथ्याचारी ठरवतो. म्हणून ब्रेक काढून टाका, असा अर्थ कुणी घेऊ नये. बोरघाटाच्या चढावर थांबलेल्या गाडीला तो हवाच. म्हणूनच गॅरेजवाला तेल केबलला देतो, लायनरला लागू देत नाही. काम झाल्यावर तो दांडा ओढतो, सोडतो, चाक हाताने फिरवून बघतो आणि पुन्हा ओढतो.