कागदावरची जमा

1526 च्या एप्रिलमध्ये बाबराने पानिपतावर इब्राहिम लोदीला हरवलं आणि ऑगस्टमध्ये उस्मानी सुलतान सुलेमानने मोहाचला हंगेरीच्या राजाची फौज कापून काढली. त्याआधी 1514 मध्ये चालदिरानला उस्मानी तोफांनी सफवी शाह इस्माइलच्या किझिलबाश घोडेस्वारांचा धुव्वा उडवला होता. इतिहासकार मार्शल हॉजसन यांच्यापासून या तिन्ही सत्तांना ‘बारुदी साम्राज्यं’ म्हणायचा प्रघात पडला. नाव ठसकेबाज आहे, पण अपुरं. तोफेने लढाई मारता येते. वीस वर्षांनी त्याच मुलखातून फौजेचा खर्च कसा निघायचा, याचं उत्तर दफ्तरातच शोधावं लागतं.

नाण्यांचा तुटवडा, दूरदूरचे प्रांत आणि सदैव तयार ठेवायचे घोडेस्वार, हा पेच तिघांपुढेही होता. तोडगाही एकाच घराण्यातला निघाला: सरदाराला जमीन द्यायची नाही, तिचा महसूल तेवढा तोडून द्यायचा. उस्मान्यांकडे त्याला तिमार म्हणत, सफवींकडे तियूल, मुघलांकडे जहागीर. आपल्याकडे जहागीरदार म्हटलं की पिढीजात वाडा डोळ्यांपुढे येतो. अकबराच्या व्यवस्थेत तसं काही नव्हतं. मनसबदाराची, म्हणजे दर्जानुसार स्वार बाळगणाऱ्या सरदाराची, जहागीर साधारण तीन-चार वर्षांत बदलली जाई. आज माळवा, उद्या बिहार. कुणी कुठे मूळ धरू नये, हाच हेतू होता आणि तो शतकभर साधलाही. इतक्या मोठ्या मुलखात पादशहाच्या शब्दावर सरदार उठून चालू लागत, ही साधी गोष्ट नव्हे.

पण भाड्याच्या घराची कौलं भाडेकरू शाकारत नाही. तीन-चार वर्षांनी निघायचंच असेल, तर विहीर कोण खोदणार आणि दुष्काळात सूट कोण देणार? औरंगजेबाच्या दक्षिण मोहिमांत चाकरी केलेल्या भीमसेन सक्सेनाने हे जवळून पाहिलं होतं. तो लिहितो की, जहागीरदार महसूल वसूल करणाऱ्या आपल्या आमिलाकडूनच आगाऊ रक्कम कर्जाऊ घेई. आमिलाला धास्ती असे की जास्त रक्कम मोजणारा दुसरा आमिल मागून येतोच आहे. मग तो गावात पोचताच मिळेल ते ओरबाडी. भीमसेन हा मुघलांचाच नोकर. त्यामुळे त्याच्या साक्षीला वजन आहे.

दुसरी गोम हिशेबात होती. कागदावर ठरलेला महसूल म्हणजे जमा आणि प्रत्यक्ष हाती येणारा तो हासिल. मनसबी जमेवर वाटल्या जात, घोडे मात्र हासिलावर पोसावे लागत. दोन्हींतली दरी इतकी रुंदावली की शाहजहानच्या काळात जहागिरींना महिन्यांचं माप लागलं: वर्षाच्या जमेपैकी आठ महिन्यांइतकंच पदरी पडणारी आठमाही, मग सहामाही, दख्खनेत तर चारमाहीसुद्धा. घोडेस्वारांची अटही उतरली. पाच हजार सवारांच्या मनसबदाराने त्याच सुभ्यात तिसरा हिस्सा आणि परमुलखात चौथा हिस्सा, म्हणजे साडेबाराशे स्वार, बाळगले की भागे. कागदावर साम्राज्य फुगत होतं, रणांगणावर उतरणारे घोडे घटत होते.

अशा अवस्थेत औरंगजेबाने 1686 मध्ये विजापूर आणि 1687 मध्ये गोवळकोंडा घेतला. नवा मुलूख आला, पण त्याबरोबर सामावून घ्यायचे आदिलशाही-कुतुबशाही सरदारही आले आणि फितवून आणलेले मराठेही. मुघल ऱ्हासाचा दोष इतिहासकार इरफान हबीब यांनी शेतकऱ्याच्या पिळवणुकीला दिला, तर सतीश चंद्र आणि अतहर अली यांनी जहागिरींच्या टंचाईला. जॉन रिचर्ड्स यांचा आक्षेप वेगळा: जिंकलेल्या मुलखातला सुपीक भाग पादशहाने युद्धखर्चासाठी खालशात, म्हणजे थेट सरकारी ताब्यात, ठेवला, तेव्हा टंचाई बरीचशी त्यानेच ओढवून घेतलेली. मला रिचर्ड्स यांचं म्हणणं पटतं. लढाई थांबवता येत नव्हती म्हणून जहागिरी मिळत नव्हत्या आणि जहागिरी मिळत नव्हत्या म्हणून सरदार मन लावून लढत नव्हते. शाळेत आपण औरंगजेब आणि मराठे यांच्यातल्या सत्तावीस वर्षांच्या लढाईचा इतिहास किल्ल्यांच्या वेढ्यांतून शिकलो. त्यातली जमाखर्चाची बाजू कुणी फारशी सांगितली नाही.

इराणात शाह अब्बासने उलटी वाट धरली. किझिलबाश टोळ्यांचे प्रांत काढून घेऊन खासगीत आणले आणि त्या पैशावर जॉर्जियन, आर्मेनियन, चेर्केस गुलामांची फौज उभारली. खजिना भरला, पण सरहद्दीवर स्वतःच्या बळावर लढणारे सुभेदार नाहीसे होत गेले. 1722 मध्ये अफगाण इस्फहानवर आले, तेव्हा शाह सुलतान हुसेनने स्वतः मुकुट उतरवून दिला. उस्मान्यांनी मात्र तिमार मोडकळीला आल्यावर मक्ते दिले, 1695 पासून हयातभराचेही. दरबारी सल्लागार कोची बेने तिमार नालायकांच्या हाती गेल्याबद्दल सुलतान चौथ्या मुरादपुढे टाहो फोडला होता. पण बंदुकीच्या जमान्यात तो जुना घोडेस्वारच निरुपयोगी झाला होता. ऱ्हासाची पहिली कहाणी बहुधा ज्यांची जागा गेली तेच लिहितात. कोची बेनंतरही उस्मानी सल्तनत जवळपास तीनशे वर्षं टिकली.

मुघलांकडे बदल्या थांबल्या आणि सुभेदार जागच्या जागी रुजले: बंगालात मुर्शिदकुली खान, अवधात सआदत खान, 1724 पासून दख्खनेत निजाम. दिल्लीहून पाहिलं तर ही पडझड; मुर्शिदाबादेत पेढ्या चालवणाऱ्या सावकारांना ती तशी वाटली नसावी.

आणि मराठे? शिवाजी महाराजांनी सरदारांना मुलूख लावून देण्यापेक्षा रोख पगार पसंत केला होता. पण मुघल वतनांचं आमिष दाखवू लागल्यावर राजाराम महाराजांना जिंजीच्या काळात तेच करावं लागलं. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या आणि राजबाबतीचा, म्हणजे राजाच्या वाट्याचा, चौथा हिस्सा सोडून चौथाईचा मोठा भाग मोकासा म्हणून सरदारांना वाटला. फौज बाळगण्यासाठी सरदाराला दिलेला हा सरंजामही चाकरीपुरताच असे, पण फिरवाफिरव नसल्याने तो बापाकडून मुलाकडे गेला. थोरल्या माधवरावांनी स्वार बाळगण्यासाठी पटवर्धनांना दिलेला मुलूख 1819 मध्ये इंग्रजांनीही करार करून राहू दिला. त्यातूनच निघालेली सांगली, मिरज, जमखंडी ही संस्थानं 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली.