कैलासाची वाट आणि आधाराचा हात

फिजिओथेरपी सहाय्यकाचे काम दुसऱ्याच्या शरीराला हात लावूनच सुरू होते. औषध दुरून लिहून देता येते. अर्धांगवायूने लुळा पडलेला खांदा हलवायचा किंवा खुब्याचे ऑपरेशन झालेल्या आजींना पलंगावरून उठवून वॉकरला धरून उभे करायचे, तर मात्र माणसाला धरावे लागते, टेकू द्यावा लागतो, कधी थोडे दुखवावेही लागते. म्हणून या कामातला पहिला प्रश्न कौशल्याचा नाही. हे शरीर कोणाचे, आणि त्याने कुठवर पोचायचे हे कोणी ठरवायचे, हा तो प्रश्न आहे.

तंजावर जिल्ह्यात कावेरीकाठी वसलेल्या तिरुवैयारुपाशी या प्रश्नाची एक जुनी कथा आहे. मराठी वाचकाला हे गाव त्यागराजांच्या समाधीमुळे आणि तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातले म्हणून ठाऊक असते. पण तमिळ शैवांसाठी ते त्याच्या फार आधीपासून अप्परांच्या कथेचे गाव आहे. अप्पर, म्हणजे तिरुनावुक्करसर, सातव्या शतकातले संत. त्यांचे चरित्र शेक्किळार यांनी बाराव्या शतकात ‘पेरियपुराणम्’मध्ये सांगितले. म्हातारपणी अप्पर कैलासदर्शनाला निघाले. पावले झिजली तेव्हा ते हातांवर रांगले, हात गेले तेव्हा छातीवर सरपटले, शेवटी लोळत पुढे सरकू लागले. वाटेत एका तपस्व्याने, म्हणजे वेष पालटलेल्या शिवाने, त्यांना सांगितले की या देहाने कैलास गाठता येणार नाही, परत जा. अप्परांनी साफ नकार दिला. मग तपस्व्याने त्यांना तिथल्या तळ्यात बुडी मारायला सांगितली. ते वर आले ते तिरुवैयारुच्या तळ्यातून, आणि तिथेच त्यांना कैलासाचे दर्शन घडले.

कथा भक्तीची आहे, पण पुनर्वसनाच्या कामातला सगळा पेच तिच्यात आहे. तपस्वी खोटा धीर देत नाही. देहाची मर्यादा तो स्पष्ट सांगतो आणि नकार आल्यावर बळजबरीही करत नाही. मुख्य म्हणजे अप्परांना डोंगर चढायचा नव्हता, दर्शन हवे होते, हे तो ओळखतो आणि त्या हेतूला दुसरी वाट शोधून देतो. लकव्यानंतर ‘मला चालायचंय’ म्हणणाऱ्या माणसाला खरे तर देवळापर्यंत जायचे असते, किंवा कोणाच्या मदतीविना मोरीत जायचे असते. काठी, चाकाची खुर्ची, उंबऱ्याशी बसवलेला उतार यांपैकी काय उपयोगी पडेल, हे त्याने नेमके काय मागितले ते समजल्यावरच ठरते. तो हेतू विचारून घेणे हा उपचाराचाच भाग आहे.

याच चरित्रात कर्माच्या प्रश्नाचेही उत्तर सापडते. अंथरुणाला खिळलेला रुग्ण सहाय्यकाला कधी ना कधी विचारतोच: हे कुठल्या पापाचे फळ? तरुण अप्परांना पोटशूळ झाला, तो ईश्वरानेच त्यांना परत शिवाकडे वळवण्यासाठी दिला होता, असे चरित्र मानते. त्यांची बहीण तिलकवती हिनेच भावासाठी देवाला साकडे घातले होते. तरी भाऊ वेदनेने कळवळत दाराशी आला तेव्हा तिने त्याला कारणे ऐकवली नाहीत. तिने भस्म दिले आणि देवळात नेले. शास्त्राच्या भाषेत, दुखणे प्रारब्ध मानले तरी जवळच्या माणसाचे वागणे क्रियमाण, म्हणजे आता घडत असलेले कर्म, असते, आणि त्याचा जबाबदार तो स्वतः असतो. रुग्णाची श्रद्धा खोडून काढणे सहाय्यकाचे काम नाही. दुखण्याला शिक्षा ठरवणे तर मुळीच नाही.

शरीर रुग्णाचे आणि निर्णयही त्याचाच, हा विचार कायद्यानेही आपल्या शब्दांत मांडला आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सांगितले की, संमती खरी ठरण्यासाठी रुग्णाला पुरेशी माहिती मिळाली पाहिजे, आणि एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही. गुडघ्याच्या व्यायामाला हो म्हटले म्हणजे पाठीच्या मालिशलाही हो म्हटले, असे नाही. कुठे हात लावणार, कशासाठी, किती दुखेल, आणि ‘थांबा’ म्हटल्यावर लगेच थांबणार, हे दर वेळी सांगावे लागते. रुग्ण स्त्री आणि सहाय्यक पुरुष असेल तर लागेल तेवढाच भाग उघडा ठेवणे आणि तिला हवे असेल ते माणूस खोलीत असू देणे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

तमिळनाडूत संमती ओळखण्यात एक बारकावा आहे. तिथे होकार देताना मान बऱ्याचदा डावी-उजवीकडे डोलवतात, आणि बाहेरून आलेल्याला तो नकार वाटतो. उलट भिडेपोटी डोलवलेली मान होकारही नसते. ‘वलि’ म्हणजे दुखणे आणि ‘वेण्डाम’ म्हणजे नको, हे दोन शब्द तमिळ न येणाऱ्यानेही शिकून घ्यावेत. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरांत आजोबा दुखणे मराठीतून सांगतात आणि मुले डॉक्टरांशी तमिळमधून बोलतात. तिथे घरच्यांच्या भाषांतरावर विसंबून न राहता खुद्द रुग्णाकडे पाहून विचारावे. लकव्याने वाचा गेलेल्याला समजत नाही, असे धरून चालणे हा तर सरळ अन्याय आहे. हाताचा दाब, डोळ्यांची उघडझाप किंवा चित्रांचा तक्ता यांतूनही तो नको म्हणू शकतो.

सहाय्यकाचा अधिकार कुठे संपतो, हेही रुग्णाला कळले पाहिजे. अमेरिकेत या कामाचे शिक्षण 1967 मध्ये सुरू झाले आणि पहिली तुकडी 1969 मध्ये बाहेर पडली. तिथे रुग्ण तपासून उपचार ठरवणे फिजिओथेरपिस्टकडे असते आणि सहाय्यक त्याच्या देखरेखीखाली काम करतो. भारतात राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा 2021 साली आला. त्यात आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान 3600 तासांचे, तर संलग्न व्यावसायिकासाठी किमान 2000 तासांचे शिक्षण धरले आहे. दुसऱ्या वर्गाने तज्ज्ञांनी सुचवलेला उपचार अमलात आणायचा आहे. त्याच वर्षी 5 ऑगस्टला तमिळनाडूने ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम्’ ही घरोघर आरोग्यसेवेची योजना सुरू केली आणि फिजिओथेरपीही घरी पोचू लागली. घरात मात्र विचारायला वरिष्ठ जवळ नसतो. ‘तंबी, आज जिना चढवू का?’ असे घरचे विचारतात तेव्हा ‘विचारून सांगतो’ हेच योग्य उत्तर असते. ऑपरेशननंतर एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश करायचे नाही, ताबडतोब कळवायचे.

‘त्यांना खरं सांगू नका’ ही नातलगांची विनंती सर्वांत अवघड. आजाराचे भाकीत करणे सहाय्यकाच्या हातात नाही, पण खोटे बोलणेही नाही. रुग्णाने थेट विचारले तर प्रश्न फिजिओथेरपिस्टकडे पोचवावा, आणि पोचवतो असे रुग्णाला सांगावे.

नोंदीही विश्वासाचाच विषय आहेत. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांनी तिथे धन्वंतरी महाल हे रुग्णालय चालवले. नेत्ररुग्णांच्या तिथल्या सचित्र नोंदी आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. इतक्या काळजीने ठेवलेली नोंद पुढच्या वैद्याला उपयोगी पडते. तीच आळीत चर्चेचा विषय झाली तर रुग्णाची अब्रू जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आणि 2023 मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. व्यायाम करणाऱ्या रुग्णाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी त्याला विचारावेच लागते, आणि तो नको म्हणाला तर तो नकारही नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवावा.